चिंचोलकर सरांचा हिरवा

चिंचोलकर सरांनी आयुष्यात कुणाचं घर पाडलं नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि ते खरंही होतं. "मोहनराव, आपण कुणाच्या भिंतीला हात लावत नाही," पाण्यात ब्रश खळबळत ते मला म्हणायचे. "आपण फक्त रंग देतो."

आमच्या नगरपालिकेत ते टाऊन प्लॅनिंग ऑफिसर होते आणि मी त्यांच्या हाताखाली सर्वेअर. शहर पुढच्या वीस वर्षांत कुठं आणि कसं वाढणार, त्याचा नकाशा आमच्या खोलीत तयार व्हायचा. पिवळा रंग म्हणजे राहायची वस्ती, निळा म्हणजे बाजार आणि दुकानं, हिरवा म्हणजे बाग, मैदान, मोकळी जागा. ओसाड जमिनीवर हिरवा पडला तर फार तर जमीनमालक चिडतो. पण ज्या घरात माणसं आधीपासून राहतात त्या घरावर हिरवा पडला, की ते घर जिवंतपणी मेलं. राहायला कुणी मनाई करत नाही. फक्त वर एक खोली चढवायची परवानगी मिळत नाही, खचलेली भिंत नव्यानं बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक दारात उभं राहत नाही. कागदावर तिथं बाग झालेली असते. तुम्ही त्या बागेत चूल पेटवून बसलेले असता.

शेवटचा नकाशा हैदराबादला कॉम्प्युटरवरच निघायचा. सरांचा मात्र त्यावर भरवसा नव्हता. ते आधी भलामोठा कागद टेबलावर पसरून स्वतःच्या हातानं रंगवायचे. ठेंगणा, स्वच्छ माणूस. पांढरा हाफ शर्ट, त्याच्या बाहीची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडायची नाही. पेन्सिलीला टोक ब्लेडनंच करायचे आणि निघालेली साल कागदाच्या पुडीत बांधून डब्यात टाकायचे. आवाज कधी चढला नाही. त्यांच्या खोलीतून कुणी पाणी न पिता परत गेला नाही.

आणि ते पैसे खात नव्हते. ही गोष्ट मी कौतुकानं सांगतोय असं कुणी समजू नये. शहरात लोक उघड म्हणायचे, "खाणारा असता तं बरा होता." खाणाऱ्या माणसाला कुठंतरी एक दार असतं. चिंचोलकर सरांना दारच नव्हतं. आमदाराचा फोन आला तरी ते उभे राहून, आदबीनं सगळं ऐकून घ्यायचे आणि रिसीव्हर ठेवून पुन्हा ब्रश उचलायचे.

त्यांचा एक शब्द होता, "ऐकलं." समोरचा माणूस बोलून दमला की ते मान हलवून "ऐकलं" म्हणायचे. नवखा माणूस खूश होऊन जायचा. त्याला वाटायचं, काम झालं. आम्हा हापिसातल्यांना ठाऊक असायचं की त्या शब्दाचा अर्थ तेवढाच होता. कान होते, त्यांत आवाज गेला.

मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "राहायला कुठं तुम्ही?"

मी मूळचा बाजारहत्नूरकडचा. घरी कापूस आणि ज्वारी. शहरात आलो तेव्हा भाड्यानं राहत होतो, पण वडिलांनी एक ऐंशी गजाचा, म्हणजे सातशे चौरस फुटांचा, प्लॉट बघून ठेवला होता. मी तसं अभिमानानं सांगितलं.

"ऐंशी गज," सर म्हणाले. "ऐंशी गजात माणूस राहत नसतो, मोहनराव. ठेवलेला असतो."

लहान प्लॉटांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की ते नजरेनंच खोली मोजायचे आणि मापं बोलून दाखवायचे. आमच्या हेडक्लार्कची आई वारली तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडे बसायला गेलो होतो. बाया आत रडत होत्या, हेडक्लार्क गुडघ्यात मान घालून बसला होता. सर त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले, छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं आणि हळू आवाजात त्याला म्हणाले, "नऊ बाय दहा. हवा खेळतच नाही. म्हातारं माणूस अशा खोलीत टिकत नसतं." हेडक्लार्कनं वर पाहिलं. त्याला वाटलं, आपण चुकून काहीतरी ऐकलं. सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते उठले.

नव्या नकाशाचं काम निघालं तेव्हा वरून हुकूम असा होता, की शहरात बागा आणि मोकळ्या जागा फारच कमी आहेत, त्या वाढवून दाखवा. मोकळी जमीन शहराच्या कडेला भरपूर होती. उटनूर रोडला मोठमोठे प्लॉट रिकामे पडून होते. मी भाबडेपणानं म्हणालो, "सर, हिरवा तिकडं देऊ या."

सर हसले. "मोठ्या प्लॉटवाल्याकडं वकील असतो, मोहनराव. लहान प्लॉटवाल्याकडं नातेवाईक असतात. वकील कोर्टात जातो आणि नकाशा अडकून पडतो. नातेवाईक रडतात आणि घरी जातात."

त्यांनी ब्रश बुडवला आणि गिरणीपुऱ्यावर ठेवला.

गिरणीपुरा म्हणजे जुन्या जिनिंग मिलमागची वस्ती. निजामाच्या काळात कापसाची सरकी काढणाऱ्या मजुरांना साठ-साठ गजांचे तुकडे वाटले होते, त्यांवर उठलेली घरं. जिनिंग केव्हाच बंद पडली. मजुरांच्या पोरांनी विटा चढवल्या, स्लॅब टाकले. कुणी मास्तर झाला, कुणी ऑटो घेतला. भिंतीला भिंत, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरावं अशा गल्ल्या. सरांचा जन्म तिथलाच. त्यांची थोरली बहीण विमलाक्का अजून तिथंच, बापाच्याच घरात राहत होती. आई लवकर गेली होती. विमलाक्कानंच ब्लाउज शिवून धाकट्या भावाला शिकवलं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून नवा नकाशा येणार म्हटल्यावर गिरणीपुरा बेफिकीर होता. "आपला दिगू हाये तिथं," लोक सरांबद्दल म्हणायचे.

मी समोर उभा असताना त्यांनी सगळा गिरणीपुरा रंगवला. सावकाश, कडेची रेघ न ओलांडता.

त्या दिवसांत आम्ही एकदा उटनूरहून जीपनं परत येत होतो. रस्त्याला दोन्हीकडं सागवान. ड्रायव्हर तेलुगू होता, त्याला मराठी फारसं कळायचं नाही, म्हणून असेल, सर बोलायला लागले.

"माझा बाप कसा मेला ठाऊक आहे तुम्हाला? जिनिंगमध्ये काम केलेला माणूस. छातीत कापूस भरलेला. एका दुपारी श्वास लागला. गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी, आत येईना. लोकांनी खाटेसकट उचलला. कोपऱ्यावर खाट वळेना. मग लोक भांडत बसले, खाट आडवी धरायची का उभी करायची. तोवर संपला." ते बाहेर बघत होते. "त्या कोपऱ्यावर मी झाड लावणार."

मला त्या दिवशी त्यांची कीव आली. या माणसाचा हिरवा रंग कुठून येतो ते आपल्याला समजलं, असं वाटलं. पुढं खूप दिवसांनी मी हे विमलाक्काला बोलून दाखवलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"खाट वळली होती," ती म्हणाली. "लोकाईनं डोक्यावर घेऊन वळवली. बाबा दवाखान्यात गेले, दुसऱ्या दिवशी गेले. माझ्या मांडीवर. दिगू कुठी हाये, दिगू कुठी हाये, करून राह्यले होते. दिगू नव्हता. त्याले त्या घराची लाज वाटे, तो दोस्ताकडं राहे अभ्यासाले. त्यानं खाट पाह्यलीच नाई."

दोघांत खरं कुणाचं, मला ठाऊक नाही. सर खोटं बोलत होते असं मला जीपमध्ये वाटलं नव्हतं.

नकाशा जाहीर झाला आणि हरकती मागवल्या. आमच्याकडं लोक अजूनही त्याला एतराज म्हणतात. सुनावणी मीटिंग हॉलमध्ये होती. सर टेबलामागं, मी बाजूला. गिरणीपुरा सगळा लोटला होता, पण कुणी गोंधळ केला नाही. त्यांनी आपसांत ठरवून विमलाक्काला पुढं केलं होतं. तिचं झालं की आपलं झालंच, असा हिशेब.

विमलाक्का आली तेव्हा तिच्या अंगावर ठेवणीतली साडी होती. हातात स्टीलचा छोटा डबा. तो तिनं टेबलावर ठेवला. "तिळाची चटणी हाये. तुले आवडते."

"बस अक्का," सर म्हणाले. हापिसात ते एरवी जपून, पुस्तकासारखं बोलायचे. बहिणीशी मात्र त्यांची जीभ गिरणीपुऱ्यात परत गेली. "काय काम काढलं?"

"सगळ्याईचं तेच माझं. पोराचं, संतोषचं, लगन जुळून राह्यलं. भैंशा गावची पोरगी हाये, चांगली हाये. पण ते लोक म्हंते, घरात एकच खोली, पोरगी झोपन कुठी? वर एक खोली चढवा, मंग हो म्हंतो."

"केवढी पाह्यजे खोली?"

ती हसली. "मले काय समजते त्यातलं. तूच सांग. होते काय तेवढ्या जागेत?"

सरांनी कोरा कागद ओढला. पेन्सिलीला टोक केलं. मग ते विचारत गेले आणि काढत गेले. जिना आतून पाहिजे का बाहेरून? पलंग केवढा? पोरगी शिवणकाम करते का? मग मशीन खिडकीपाशी ठेवू, उजेड लागतो. विमलाक्का आधी संकोचून बोलत होती, मग खुर्ची पुढं ओढून टेबलावर वाकली. "इथी देव ठेवता येते काय रे?" तिनं बोट ठेवलं. सरांनी तिथं कोनाडा काढला. रांगेतले लोक माना उंच करून बघायला लागले. एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं. एक जण मोबाईल घेऊन बाहेर पळाला. ऑफिसर स्वतः बहिणीच्या खोलीचा नकाशा काढतोय म्हटल्यावर कुणाला शंका राहिली नव्हती. मलाही नव्हती. मी इतकी सुंदर खोली कागदावर क्वचित पाहिली. साठ गजाच्या घरावर ती अशी बसली होती, जणू खालचं घर तिच्यासाठीच बांधलं होतं.

"हे पाय," सर म्हणाले. "जिना बाहेरून घेतला, म्हंजे तुझी खोली मोडत नाई. खिडकी उगवतीकडं. हे कपाट. इथं पोरीले साडी नेसाले आडोसा. होते बराबर."

"होते ना?"

"मस्त होते."

"मंग मंजूर कर बाबा."

"मंजूर नाई होत अक्का. तिथं हिरवा हाये."

 विमलाक्काच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं.

"मंग हे काऊन काढलं रे?"

"तू विचारलं, होते काय. होते." त्यांनी कागद तिच्याकडं फिरवला. "खोली कशी झाली असती, ते तरी तुले कळलं पाह्यजे."

ती कागदाला शिवली नाही. म्हणाली, "डबा रिकामा करून दे."

सरांनी शिपायाला हाक मारली. शिपायानं इकडंतिकडं पाहिलं, जवळ होता तोच कागद उचलला आणि त्यावर चटणी उपडी केली. तेल कोनाड्यापासून जिन्यापर्यंत पसरत गेलं. विमलाक्कानं डबा पदराखाली घेतला आणि ती रांगेतल्या लोकांमधून, कुणाकडं न बघता बाहेर गेली.

"ऐकलं," सर म्हणाले. "पुढचं."

दुपारी त्यांनी त्याच कागदावरून भाकरीबरोबर चटणी खाल्ली. मलाही दिली. मी घेतली नाही, तर म्हणाले, "पोट बरं नाही काय?"

भैंशाच्या लोकांनी दुसरीकडं बघितलं. संतोष पुढं निजामाबादला नोकरीला लागला, तिथंच लग्न करून भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. सणासुदीला येतो. विमलाक्का घरात एकटी उरली. भावाशी तिनं बोलणं सोडलं नाही. भेटला तर काय कसा म्हणायची. पण त्याच्या घराची पायरी पुन्हा चढली नाही.

गिरणीपुरा हळूहळू कुजायला लागला. स्लॅबला तडे गेले तरी लोक वरून ताडपत्री बांधायचे, कारण बांधकाम काढलं की नगरपालिकेचा माणूस दारात. ज्यांना जमलं ते साध्या कागदावर, मिळेल त्या भावात घर देऊन निघून गेले. बाग काही झाली नाही. बागेसाठी कुणी एक रोपटं आणलं नाही की एक खड्डा खणला नाही. मी एकदा सरांना म्हणालो, "सर, बाग होणार आहे का तिथं कधी?"

"नकाशात झाली आहे," ते म्हणाले.

त्यांच्या घरी मी दसऱ्याला सोनं द्यायला जायचो. उटनूर रोडला चारशे गजांवर बंगला. घरातसुद्धा त्यांचा नकाशा चालायचा. बैठकीत जेवायचं नाही, व्हरांड्यात झोपायचं नाही, अभ्यासाच्या खोलीत बोलायचं नाही. मुलगा शिकून हैदराबादला गेला तरी त्याच्या खोलीत कुणी बसायचं नाही. त्यांची बायको, सुशीलाबाई, मला चहा द्यायच्या त्या दारातच उभ्या राहून, कारण बैठक बाहेरच्यांसाठी होती आणि त्या बाहेरच्या नव्हत्या. एके वर्षी गेलो तर पोर्चमध्ये, स्कूटरच्या शेजारी, एका खाटेवर म्हातारे गृहस्थ पडलेले. सुशीलाबाईंचे वडील, किनवटकडचे, उपचाराला आलेले.

"आत पाहुण्यांची खोली आहे ना सर?" मी विचारलं.

"ती पाहुण्यांची," सर म्हणाले. "पाहुणा येतो आणि जातो. हे येऊन राहिले आहेत."

म्हाताऱ्यानं ऐकलं. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि विचारलं, "बस स्टँडवर सोडता काय मले?" मी सुशीलाबाईंकडं पाहिलं. त्यांनी आत जाऊन बापाची पिशवी आणून दिली. मी म्हाताऱ्याला मोटारसायकलवर मागं बसवून, आपल्या पोटाशी त्याचे हात धरून, स्टँडवर नेलं. सुशीलाबाई त्यानंतर फार वर्षं जगल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा सरांनी त्यांच्या वापरातल्या खोल्यांना कुलूपं घातली; स्वयंपाकघराला घातलं नाही, एवढंच.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, बँकेत बसतात. सर रोज संध्याकाळी छत्री घेऊन गिरणीपुऱ्यात जायचे. कुठं नवी वीट दिसते का, कुठं वाळूचा ढीग पडलाय का, बघायचे. लोक दारं लावून घ्यायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. घराकडं बघायला दार उघडं लागत नाही.

त्यांच्याकडं स्वयंपाकाला सगुणा यायची, गिरणीपुऱ्यातलीच. सुशीलाबाईंच्या हाताखाली शिकलेली. त्या गेल्यावर तिनंच सरांचं पथ्यपाणी सांभाळलं. साखरेचा आजार होता, म्हणून त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळी थापायची. सगुणाची पोरगी मोठी झाली होती. आंघोळीला मोरी म्हणजे घरासमोर दोन बांबू आणि साडीचा पडदा. उन्हाळ्यात वारा सुटला की पोरगी एका हातानं पडदा धरून आंघोळ करायची. सगुणानं शेवटी चार पत्रे आणून मोरी आडोशाची केली.

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच हापिसात माझ्यासमोर येऊन बसले. आता त्यांच्या खुर्चीवर मी होतो. "गिरणीपुऱ्यात पत्र्याचं बांधकाम झालं आहे," ते म्हणाले. "हिरव्यात आहे ते. काढावं लागेल."

"सर, मोरी आहे ती. सगुणाची."

"मला ठाऊक आहे कुणाची आहे. आत्ता तिच्या हातची भाकरी खाऊनच निघालो."

मी टाळाटाळ केली. ते वर गेले, कमिशनरसमोर बसले, नियम पाठ म्हणून दाखवला. जुना ऑफिसर, स्वच्छ माणूस. दुपारी आमची माणसं गेली आणि पत्रे उचकटून ट्रॉलीत टाकून घेऊन आली. पोरगी त्या वेळी आत होती. गल्लीतल्या बायांनी तिच्यावर चादर टाकली.

सगुणा संध्याकाळी कामावर आली नाही. सरांनी मला फोन केला. "मोहनराव, दुसरी कुणी बाई बघा. ही न सांगता दांड्या मारते."

दुसरी मिळाली नाही. स्वयंपाकाला जाणाऱ्या सगळ्या बाया गिरणीपुऱ्यातल्या किंवा त्यांच्या नात्यातल्या. कुणी ठरवलं नव्हतं, सभा झाली नव्हती. फक्त कुणी गेलं नाही. सर आधी हॉटेलात जेवले. साखर वाढली, डोळे अधू झाले, पायाची जखम भरेना. मुलगा हैदराबादहून आला, चार दिवस राहिला, डबेवाला लावून गेला. डबा दोन महिने आला आणि बंद पडला. बंगल्यातल्या चारशे गजांत ते एकटे फिरायचे. एकदा मी गेलो तर कच्चे शेंगदाणे खात बसले होते, पाहुण्यांच्या खोलीत, दिवा न लावता.

मग कुणीतरी सांगितलं, सर आजकाल रोज दुपारी बहिणीकडं जेवायला जातात.

नकाशा परत बदलायचं निघालं तेव्हा मी गिरणीपुऱ्यात गेलो. खरं कारण असं होतं, की एका जिनिंगवाल्यानं वस्तीतली निम्मी घरं पडत्या भावात विकत घेऊन ठेवली होती. त्याची घेऊन झाली, आणि वरून आदेश आला की गिरणीपुरा हिरव्यातून काढा. ज्यांनी वाट बघितली त्यांना फुकट मिळालं, ज्यांना धीर नव्हता त्यांचं गेलं. बाग एका दुपारी पुसली गेली. कॉम्प्युटरवर तेवढं एक बटण होतं.

उन्हाळा होता. विमलाक्काच्या घरासमोर एक पायरी आहे. तिच्यावर सर बसले होते, पाय गल्लीत, मांडीवर स्टीलची ताटली. शर्ट पांढराच होता पण इस्त्री नव्हती. ताटलीत भाकरी आणि वरण. ते भाकरीचा तुकडा बोटांनी चाचपून वरणाची वाटी शोधत होते. विमलाक्का आत उंबऱ्याच्या कडेला जमिनीवर बसली होती, पाण्याचा तांब्या घेऊन. गल्लीतून जाणारा माणूस सरांचे पाय ओलांडून जात होता. एका बाईनं त्यांच्या समोरूनच बादलीतलं घाण पाणी ओतलं. थोडं त्यांच्या चपलांवर गेलं. त्यांनी पाय जवळ घेतले.

मी विमलाक्काला हळूच म्हणालो, "अक्का, हिरवा निघाला. आता पिवळा झाला. वर खोली बांधता येते."

 तिनं हनुवटीनं भावाकडं खूण केली. "मोठ्यानं सांग. त्याले कमी ऐकू येते."

मी मोठ्यानं सांगितलं.

सरांचा हात ताटलीत थांबला. त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवलं, पण थोडं चुकीच्या बाजूला. "कोण, मोहनराव?"

"हो सर."

"चुकून राह्यले तुमी लोक," ते म्हणाले. "फार चुकून राह्यले."

 ते पुन्हा जेवायला लागले. ऊन सरकत सरकत पायरीवर आलं होतं, त्यांच्या डोक्यावर, मानेवर. त्यांनी एकदा डावा हात डोळ्यांवर धरला. मग शरीर थोडं मागं, दाराकडं रेटलं. पाठ उंबऱ्याला लागली.

"अक्का, आत येऊ काय जरा? ऊन लागून राह्यलं."

विमलाक्कानं खोलीकडं पाहिलं. खोली रिकामी होती. एका कडेला शिलाई मशीन, एका कडेला गुंडाळलेली गादी, मधे नुकतीच पुसलेली फरशी.

"जागा नाई रे," ती म्हणाली.

तिनं हात लांबवून त्यांच्या ताटलीत अर्धी भाकरी आणखी टाकली, पाण्याचा तांब्या पायरीवर त्यांच्या हाताशी ठेवला, आणि दार लोटून घेतलं.